कोल्हापूर भागात सफरचंद आणि सायडर: जमण्यासारखं आहे का, की काजूच्या बोंडावर लक्ष द्यावं?

चंदगडी_बोंडू (प्रश्न)

मंडळी, चंदगड-आजरा-भुदरगडात काजू आहे. बी विकली जाते आणि बोंडं झाडाखाली कुजतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आता त्याच पट्ट्यात 'गरम हवेतलं सफरचंद' म्हणून रोपं विकायला लोक येतायत. तीन वर्षांत फळ, 45 अंशांत तग, आणि माल खपला नाही तर सायडर (सफरचंदाचा रस आंबवून केलेलं मद्य) काढा, असा त्यांचा हिशेब.

म्हणून विचारतो. सफरचंद आपल्या देशात कुठून कसं पसरलं आणि आपल्याकडं का पसरलं नाही? सायडर म्हणतात ते यार्डात मिळणाऱ्या शिमला सफरचंदातून निघतं का, आणि निघालं तर पाणचट का लागतं? आणि गोव्यात बोंडाची फेणी होते, तर घाटमाथ्यावर त्याच बोंडाची साधी वाइन का होऊ नये? गटाच्या नावानं छोटं युनिट टाकायचा विचार आहे. आकडे आणि प्रमाणं सांगणारी उत्तरं द्या. 'नाद खुळा, करून टाक भावा' एवढ्यावर बोळवण करू नका.

दूधगंगा

लागणीचं मी सांगतो, दारूचं जाणकार सांगतील.

सफरचंदाचं मूळ मध्य आशियात, तिएन शान डोंगरात. कझाकस्तानात अल्माटीच्या आजूबाजूला त्याचे रानटी पूर्वज अजून उभे आहेत. म्हणजे हे झाड घडलंच कडक हिवाळ्यात. आपल्याकडं काश्मीरची अंबरी जुनी, पण 'शिमला' म्हणून जो माल शाहू मार्केट यार्डात उतरतो त्याचा इतिहास दीडशे वर्षांचाच. 1870 च्या सुमारास कॅप्टन ली या इंग्रजानं कुलू खोऱ्यात बंदरोलला बाग लावली. जाती इंग्लंडच्या, कॉक्स ऑरेंज पिपिनसारख्या. चव आंबटगोड, त्यातही आंबटाकडं झुकणारी, त्यामुळं आपल्या लोकांना ती फारशी रुचली नाही. फिलाडेल्फियाहून 1904 मध्ये भारतात आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी 1916 मध्ये कोटगढला अमेरिकेची रेड डिलिशस लावली आणि चित्र पालटलं. हेच पुढचे सत्यानंद स्टोक्स. गोड, लालभडक, पेटीत टिकणारं फळ मिळाल्यावर आंबट जाती मागं पडल्या. सायडरच्या अंगानं हे नुकसानीचंच झालं.

आता हवा. डिलिशस गटाला हिवाळ्यात 7 अंशांखालचे साधारण 800 ते 1200 तास लागतात. तेवढी थंडी बसली की कळ्यांची झोप पुरी होते आणि वसंतात सगळे डोळे एकदम फुटतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, जानेवारीचं सरासरी किमान 14-15 अंश. 7 अंशांखालचे तास इथं शून्यच धरा. थंडी न मिळालेलं झाड मरत नाही, म्हणूनच लोक फसतात. फांदीच्या शेंड्याला पानांचा झुबका येतो, खालचे डोळे तसेच झोपून राहतात, फूल तुरळक आणि मागंपुढं येतं. शाहू महाराजांनी पन्हाळ्याकडं चहा-कॉफीचे प्रयोग केले ते उगाच नाही. ती पिकं थंडीचे तास मोजत नाहीत.

कमी थंडीच्या जाती खऱ्या आहेत, थाप नाही. ॲना ही इस्रायलची, 300 तासांच्या आसपास. डॉर्सेट गोल्डन बहामा बेटांवरची, तिला त्याहून कमी पुरतात, आणि ॲनाला परागीकरणासाठी ती जवळ लावावी लागते. एचआरएमएन-99 ही हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे हरिमन शर्मा यांनी शोधलेली. त्यांना 2025 ची पद्मश्री जाहीर झाली. पण बिलासपूर सखल असलं तरी हिमालयाच्या पायथ्याशी आहे. तिथली जानेवारीची रात्र 7 अंशांच्या आसपास किंवा खाली जाते. पत्रकातले 45 अंश उन्हाळ्याचे असतात. अडचण हिवाळ्याची आहे.

मग उपाय? जावा बेटावर मलांगजवळ बातू भागात डच काळापासून सफरचंद होतं, तेही विषुववृत्ताजवळ. फळ काढलं की महिनाभरात सगळी पानं हातानं ओरबाडतात, फांद्या आडव्या बांधतात, झाड झोपायच्या आत नवा डोळा फुटतो, आणि वर्षात दोन पिकं निघतात. आपल्या भागातल्या माणसाला हे नवीन नाही. डाळिंबाला ताण देऊन पानगळ करून बहार धरतो, तासगाव-मिरजेत ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या डोळ्यांना डॉर्मेक्सचं (डोळे फोडायच्या औषधाचं) पेस्टिंग करतो, तेच तत्त्व. पण द्राक्षाचं प्रमाण सफरचंदाला लावलं तर डोळे जळतात. पाव प्रमाणापासून दोन-चार फांद्यांवरच बघा. आणि धागा दारूचा आहे म्हणून मुद्दाम सांगतो: डॉर्मेक्स हाताळण्याच्या आदल्या दिवसापासून पुढं आठवडाभर थेंबभरही घेऊ नये. तोंड लालबुंद होणं, छाती धडधडणं, रक्तदाब उतरणं असे प्रकार होतात. औषध फवारून संध्याकाळी 'बसणाऱ्या' गड्याला हे कुणी सांगत नाही.

तरी हौस असेल तर दहा-बारा झाडांवर भागवा. रोप घेताना जातीआधी खुंट (ज्यावर कलम बांधतात ते खालचं मुळांचं झाड) विचारा. 'बियांचा खुंट' असं उत्तर आलं की सोडून द्या. एमएम 106 हा खुंट आपल्या भारी काळ्या रानात बुंध्याशी कुजतो. एमएम 111 त्यातल्या त्यात तग धरतो. दोन्ही खुंट सफरचंदाच्या लोकरी माव्याला दाद देत नाहीत, ती मालिका त्यासाठीच तयार केली होती. (उसावरचा लोकरी मावा वेगळा, घाबरू नका.) अंतर 12 बाय 14 फूट, लागण उंच वरंब्यावर, कलमाचा सांधा मातीच्या वर वीतभर. कलम मातीत गाडलं की वरच्या जातीला मुळं फुटतात आणि खुंट घेतल्याचा फायदाच जातो. फेब्रुवारीत फूल आलं तर फळ मे-जूनमध्ये तयार होतं, म्हणजे नेमकं वळवाच्या आणि गारांच्या तोंडी. शिवाय गरम रात्रीत रंग भरत नाही, फळ पिवळट-हिरवं राहतं. गगनबावड्याच्या बाजूला तर नादच करू नका, तिथल्या पावसात काळे डाग आणि खोडकूज पिच्छा सोडणार नाहीत.

तांबडापांढरा

दूधगंगा दादांनी डिलिशसनं आंबट जाती मागं सारल्याचं लिहिलंय, सायडर पाणचट का लागतं त्याचं उत्तर तिथंच आहे.

जिथं सायडर मुरलं, म्हणजे इंग्लंडचं हेरफर्डशर-सॉमरसेट, फ्रान्सचं नॉर्मंडी, स्पेनचं आस्तुरियास, तिथं ते खायच्या सफरचंदातून कधी झालंच नाही. सतराव्या शतकात हेरफर्डशरला लॉर्ड स्कुडामोर यांनी रेडस्ट्रीक जात नावारूपाला आणली. ते फळ चावून खाण्याजोगं नव्हतं, पण त्याच्या सायडरची वाइनशी तुलना व्हायची. 1763 मध्ये सरकारनं सायडरवर कर बसवला तेव्हा त्या जिल्ह्यांत इतका गदारोळ झाला की 1766 मध्ये तो मागं घ्यावा लागला. शेतमजुरांना मजुरीचा काही भाग सायडरमध्ये द्यायची चाल होती, ती 1887 च्या कायद्यानं बंद झाली. पुढं लाँग ॲश्टन या 1903 मध्ये सुरू झालेल्या संशोधन केंद्रानं सायडरच्या फळांची वर्गवारी केली. आम्ल 0.45 टक्क्यांच्या वर की खाली, टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) 0.2 टक्क्यांच्या वर की खाली, यावरून चार गट: गोड, आंबट, तुरट-गोड, तुरट-आंबट. चांगल्या सायडरला तुरट गटातलं फळ लागतंच. डिलिशसचं आम्ल 0.2-0.3 टक्के, टॅनिन नावाला. साखर आंबून गेली की मागं उरतं ते पाणी आणि अल्कोहोल.

आता प्रमाण. हे परवानाधारक युनिटच्या चाचणीसाठी आहे, कायद्याचं खाली कुणीतरी लिहीलच.

10 लिटर रसाला 16 ते 18 किलो फळ. डागी चालेल, सडकं नाही. शीतगृहात महिनोन्‌महिने पडून भुसभुशीत झालेलं तर मुळीच नको: त्याचा लगदा लापशी होतो आणि कापडातून रस उतरत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नवा माल येतो तेव्हाचं कडक फळ घ्या. वरचं मेण कोमट पाण्यात चोळून धुवा. किसून किंवा दळून, कापडात बांधून दाबा. मिक्सरला फार बारीक केलं तर गाळ आयुष्यभर बसत नाही.

रसाची घनता हायड्रोमीटरवर 1.045 ते 1.050 येईल, म्हणजे शेवटी 6 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. साखर घालायची गरज नाही. गरज आम्लाची आहे. 0.25 टक्के आम्लाचा रस 0.5 वर न्यायला 10 लिटरमागं 25 ग्रॅम मॅलिक ॲसिड. आपल्याकडं याहून चांगली युक्ती आहे: अर्धा लिटर आवळ्याचा रस घाला. त्यातून दहाएक ग्रॅम आम्ल मिळतं, शिवाय हवं तेवढं तुरटपण येतं. मग वर 15-18 ग्रॅम मॅलिक पुरतं. सगळं आम्ल आवळ्यातूनच आणायला गेलात तर दीड लिटरवर रस लागतो आणि सायडरऐवजी आवळा सरबत होतं.

मग केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, नको ते जंतू रोखणारी गंधकाची पूड). सामू (पीएच) 3.5 च्या आसपास असेल तर 10 लिटरला 2 ग्रॅम, 3.8 असेल तर 3 ग्रॅम. 3.8 च्या वर केएमएस किती का घाला, काम करत नाही. आधी आम्ल वाढवा. यीस्ट 24 तास थांबून मगच टाकायचं. केएमएस आणि यीस्ट एकदम टाकणारे 'यीस्ट खराब होतं' म्हणून दुकानदाराशी भांडतात. वाइनचं कोरडं यीस्ट 2.5 ग्रॅम, 35 ते 38 अंश पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून. सफरचंदाच्या रसात नत्र कमी असतं, म्हणून डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) 2 ते 3 ग्रॅम. हे फूड ग्रेडचं डीएपी! शेतातलं 18:46 चं पोतं फोडू नका, त्यात खाण्यालायक नसलेले घटक असतात.

तापमान 18-20 अंश. कोल्हापुरात मार्चनंतर खोलीच तिशीच्या पुढं जाते, तेव्हा यीस्ट तीन दिवसांत सगळं संपवतं आणि वास उडून जातो. कॅनला ओलं पोतं गुंडाळून पाण्याच्या परातीत ठेवा आणि पंखा लावा, चार-पाच अंश उतरतात. त्याहून बरं म्हणजे काम दिवाळीच्या आधी-नंतर करा.

बिघाड कुठं होतो ते सांगतो. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे नत्र कमी पडलं. सुरुवातीलाच आला तर अर्धा डोस डीएपी देऊन ढवळा. आंबणं संपत आल्यावर डीएपी घालू नका, ते यीस्टला लागत नाही, इतर जंतूंना लागतं. व्हिनेगरचा वास म्हणजे आत हवा आणि चिलटं गेली. पहिला जोर ओसरला की भांडं गळ्यापर्यंत भरलेलं पाहिजे, अर्धा कॅन मोकळा ठेवून लोक सहा महिने मुरवायला बसतात आणि व्हिनेगर काढतात. वर पांढरी साय धरली तर खालचं नळीनं अलगद दुसऱ्या भांड्यात घ्या आणि केएमएस द्या.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे बाटली. फेस हवा असेल तर घनता 1.000 च्या आसपास येऊन आठवडाभर जागची हललेली नसावी, मग लिटरला 6 ग्रॅम साखर घालून बाटलीबंद करायचं. 1.015 लाच 'गोड लागतंय, भरून टाकू' केलं तर लिटरमागं 35-40 ग्रॅम साखर आत राहते, म्हणजे हव्या त्या दाबाच्या पाच-सहा पट. बिअरची किंवा सोड्याची जाड बाटलीही ते सोसत नाही, सॉसची तर मांडणीवरच फुटते.

चंदगडी_बोंडू

दादा, आवळ्याची युक्ती भारी. साखरेऐवजी गूळ चालेल का? आपल्याकडं गुळाला काय कमी नाही. आणि बेकरीचं यीस्ट?

तांबडापांढरा

बेकरीचं यीस्ट 6 टक्क्यांपर्यंत चालतं, पण तळाशी घट्ट बसत नाही, पावाचा वास सोडतं आणि ओतताना गढूळ होतं. वाइनचं यीस्ट 10 लिटरला काही रुपयांचं पडतं, तिथं काटकसर कशाला?

गुळाला माझा विरोध आहे. कोल्हापुरी गुळाला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, मान्य, पण त्यातली काकवीची चव आंबल्यावर आणखी पुढं येते आणि फळ मागं पडतं. पिवळाधमक गूळ असेल तर तो हायड्रोसनं (रंग उजळायच्या गंधकयुक्त पावडरीनं) उजळ केलेला असण्याची शक्यता, त्यातलं गंधक यीस्टला त्रास देतं.

घनसाळ_आजरा

गुळाबद्दल सरसकट नाही म्हणू नका. जांभूळ आणि करवंद यांना स्वतःचा रंग आणि तुरटपणा एवढा असतो की निम्मी साखर गुळातून गेली तरी फळ दबत नाही. सेंद्रिय, काळपट गूळ घ्या आणि साखरेच्या सव्वापट धरा, कारण त्यात ओल आणि इतर पदार्थ असतात. सफरचंदात मात्र नको, तिथं तांबडापांढरांचंच बरोबर.

आता बोंड. मूळ प्रश्न तोच आहे आणि चंदगडच्या माणसानं सफरचंदाच्या मागं लागायचं कारणच नाही. काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. गोव्यात त्याची दारू झाली ती बोंड मुबलक होतं आणि एका दिवसात नासतं म्हणून. हेरफर्डशरात खाण्याजोग्या नसलेल्या सफरचंदाचं सायडर झालं, किन्नौरात चुल्ली म्हणजे रानजर्दाळू गाळला, तसंच हे. 1 किलो बीमागं 8 ते 10 किलो बोंड पडतं. बी विकणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याकडं हा माल आपोआप तयार होतो.

फेणीची रीत थोडक्यात. झाडावरून तोडलेलं बोंड घेत नाहीत, आपणहून पडलेलंच. बी पिळून काढायची, बोंडं कोळंबीत (तुडवायच्या कुंडीत) पायानं तुडवायची, चोथ्यावर वजन ठेवून जो सुटा रस ठिबकतो तो नीरो. तो ताजा प्यायलाच ठेवतात. तुडवलेला रस तीन-चार दिवस आपणहून आंबतो, त्यात पाणी, साखर, यीस्ट काही नाही. पहिली गाळणी म्हणजे उर्राक, 15 टक्क्यांच्या आसपास, मार्च-एप्रिलपुरती. पुन्हा गाळली की फेणी, 42-45 टक्के. तिला 2009 मध्ये जीआय मिळाला, तो गोव्यापुरता. म्हणजे चंदगडात उद्या सगळे परवाने घेऊन गाळलीत तरी बाटलीवर 'फेणी' लिहिता येणार नाही. म्हणून गाळण्याच्या वाटेला न जाता वाइनच बघा.

बोंडाच्या रसाचा ब्रिक्स (रसातल्या साखरेची ढोबळ टक्केवारी) 10 ते 12, क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट. आणि एक खोड: घसा धरतो. ते टॅनिन काढल्याशिवाय वाइन पिण्याजोगी होत नाही. केरळ कृषी विद्यापीठाची साबुदाण्याची पद्धत सगळ्यात स्वस्त आहे. लिटर रसाला 5 ग्रॅम साबुदाणा, दळून, थोड्या पाण्यात पारदर्शक खळ होईपर्यंत शिजवायचा. पूर्ण गार झाल्यावर रसात ढवळायचा आणि 12 तास न हलवता ठेवायचा. टॅनिन खळीला धरून पांढरट गाळ तळाशी बसतो, वरचा निवळ रस नळीनं काढून घ्यायचा. खळ गरम असताना ओतली तर रस शिजट लागतो. साबुदाणा कच्चा राहिला तर टॅनिन धरतच नाही, आणि उरलेलं पीठ पुढं वाइनमध्ये धुकं धरून बसतं.

10 लिटर निवळ रस, ब्रिक्स 11 असेल तर 20 वर न्यायला साखर 1.15 ते 1.2 किलो. एकदम घालू नका, निम्मी सुरुवातीला, निम्मी तिसऱ्या दिवशी. अल्कोहोल 11 टक्क्यांच्या आसपास येतं. बोंडाच्या रसाचा सामू चारच्या घरात असतो, तो लिंबाच्या रसानं किंवा सायट्रिकनं 3.5 वर आणा, मग केएमएस 10 लिटरला 2 ग्रॅम. पुढचं यीस्ट-डीएपी वर दिलंय तसंच. आंबणं आठवडा-दहा दिवसांत संपतं. तीन आठवड्यांनी गाळावरून काढा, दोन महिन्यांनी पुन्हा एकदा. सहा महिन्यांच्या आत चव बघून निराश होऊ नका, बोंडाचा उग्र वास उतरायला तेवढा वेळ लागतो.

मेहनत आणि चुका खरं तर रसाच्या आधीच असतात. बोंड सकाळी पडलेलं सकाळीच उचलायचं; झाडाखाली जाळी अंथरली तर माती लागत नाही आणि फुटतही नाही. दुपारपर्यंत ठेवलं तर आंबायला लागतं आणि ते आंबणं तुमच्या यीस्टचं नसतं. बी काढताना देठाकडचा आणि बीकडचा भाग पातळ चकतीएवढा कापून टाका, कारण टरफलातलं तेल रसात उतरलं तर तोंडाला फोड येतात. तेलकट हात, तेच पातेलं, तीच सुरी असं चालणार नाही. बी वेचणारे आणि बोंड धुणारे वेगळे ठेवा. आणि लोखंडाचा स्पर्श नको. विळी, लोखंडी कढई, गंजका स्क्रू प्रेस, काहीही लागलं की टॅनिन काळं पडतं आणि रस शाईसारखा होतो. स्टील किंवा फूड ग्रेड प्लास्टिक वापरा.

कलमांत वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 आपल्याकडं भरपूर आहेत. वेगवेगळ्या कलमांच्या रसाची गोडी वेगळी येते, तेव्हा ब्रिक्स मोजल्याशिवाय साखर घालू नका. ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर हजार-पंधराशेत येतो, गटात एक असावाच.

हिरण्यकेशी

कायद्याचं. वर सगळं छान लिहिलंय, पण महाराष्ट्रात हे घरी करायची मुभा नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 खाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, कलम 65 बघा. 'घरच्यापुरतं', 'पाहुण्यांपुरतं' अशी सूट त्यात नाही. गाळणं तर लांबच, पण कॅनमधलं साधं सायडरही मद्यच.

युनिटसाठी 1966 चे बिअर व वाइन निर्मिती नियम लागू होतात. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयातून. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानं वाइनला जे बळ दिलं ते द्राक्षाला समोर ठेवून होतं, त्यामुळं 'वाइन म्हणजे द्राक्ष' असा ग्रह कार्यालयातही भेटतो. बोर्डीला चिकूची वाइन होते, पुण्यात मधाचं मीड होतं, ही उदाहरणं अर्जाबरोबर मांडा. वर एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) 2018 चे मद्य नियम: अल्कोहोलची टक्केवारी, गंधकाचं प्रमाण, लेबलवरची वैधानिक सूचना. पहिली भेट घेताना यंत्रांचं कोटेशन नको, जागेचा सात-बारा, बिगरशेतीची स्थिती, पाण्याचा स्रोत आणि सांडपाणी कुठं सोडणार हे घेऊन जा. चोथा आणि धुण्याचं पाणी यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रश्न हमखास येतो.

आणि हातभट्टीचा काळा गूळ, नवसागर यांचं नावही युनिटमध्ये नको. हातभट्टीत नवसागर 'कडक व्हावी' म्हणून टाकतात असा समज आहे; तो यीस्टला नत्र देतो, एवढंच, आणि तेही खाण्याच्या दर्जाचं नसतं. छाप्यात या दोन वस्तू सापडल्या की पुढं कुणी सायडरचं ऐकत नाही.

पहिल्या वर्षी परवाना न लागणाऱ्या मालावर हात बसवा: बोंडाचं सरबत, सिरप, सुकवलेलं बोंड. साबुदाण्याचं निवळणं तिथंही तेच, आणि गोळा करणं, धुणं, निवळणं ही साखळी बसली की पुढचं सोपं जातं.

चंदगडी_बोंडू

ताई, व्हिनेगर चालेल का परवान्याशिवाय? आणि घनसाळ काका, सिरपसाठी रसाला साबुदाणा लावला होता, 12 तासांनी वरचा रस निवळ दिसतो पण घसा अजून धरतोय. खळ वाढवू का?

हिरण्यकेशी

आंबवलेलं व्हिनेगर करताना मधल्या टप्प्यावर अल्कोहोल तयार होतंच. म्हणून स्वतःच्या मनानं सुरू करू नका, अधीक्षक कार्यालयाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. तोंडी 'चालतंय की' याला काही किंमत नाही. एफएसएसएआयनुसार त्यात किमान 3.75 टक्के ॲसेटिक आम्ल लागतं. ढोबळ हिशेब 1 टक्का अल्कोहोलमागं 1 टक्का आम्ल, थोडं कमीच. म्हणजे 6 टक्क्यांचं आंबवलेलं आरामात पुरतं, 4 टक्क्यांचं काठावर येतं. रुंद तोंडाचं भांडं, वर कापड, एक चतुर्थांश जुनं न तापवलेलं व्हिनेगर विरजण म्हणून. इथं आपला उन्हाळा कामी येतो, 28-30 अंशांत महिना-दोन महिन्यांत होतं. आम्ल तयार झालं की मात्र लगेच भरून झाका, नाहीतर तेच जंतू आम्लही खाऊन टाकतात.

घनसाळ_आजरा

खळ वाढवू नका, जास्त झाली तर पीठच मागं राहील. आधी एक तपासा: निवळ रसाचा एक ग्लास घ्या, त्यात ताजी गार खळ अर्धा चमचा टाका. पुन्हा गाळ बसला तर टॅनिन शिल्लक आहे, आणि पहिल्या वेळी खळ नीट शिजली नव्हती किंवा ढवळणं कमी पडलं. तसं असेल तर निवळ रसाला दुसऱ्यांदा लिटरला 2 ग्रॅमच्या हिशेबानं द्या, आणखी 12 तास. गाळ बसलाच नाही आणि तरी घसा धरतोय, तर ते टॅनिन नाही, टरफलाचं तेल आहे. तो रस टाकून द्या, कशानंही सुधारत नाही, आणि बी कापणाऱ्यांची जागा बदला.

दोन्ही वेळी रस थंड ठेवा. एप्रिलच्या उकाड्यात 12 तासांत तो निवळायच्या आधी आंबायला लागतो आणि बुडबुड्यांनी गाळ वर येतो. संध्याकाळी खळ घालून रात्रभर ठेवा आणि ऊन चढायच्या आत नळी लावा. केएमएस लिटरला पाव ग्रॅम आधीच दिला तर तेवढी सवड मिळते.